फ्लोरियानची मुदत

व्हिएन्ना, रविवार, १२ फेब्रुवारी १९२८

रोज लिहिणार नाही. लिहिण्यासारखं असेल तेव्हाच लिहीन. वहीला कारण असं, की कामगार वाचनालयाच्या समितीने माझी तीन व्याख्यानं ठरवली आहेत, आणि विचार कागदावर उतरल्याशिवाय सरळ उभे राहत नाहीत असा माझा अनुभव आहे. विषय मीच दिला : ‘इच्छा आणि भ्रम’. समितीतला चष्मेवाला डॉक्टर म्हणाला, "वोंद्राक, विषय जरा मोठा नाही का?" म्हणजे माझ्यासाठी मोठा. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. त्याच्या मागच्या पुस्तिकेची प्रुफं मीच तपासली होती. एकतीस चुका निघाल्या, त्यातल्या चार खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या नव्हत्या, त्याच्याच होत्या. मी त्याला तेव्हाही बोललो नाही, आजही बोललो नाही.

बावीस वर्षं मी प्रुफं तपासतो. गेली नऊ वर्षं सरकारी राजपत्रातल्या न्यायालयाच्या नोटिसा माझ्याकडे आहेत, कारण त्यात एक आकडा चुकला तरी माणसाची मालमत्ता जाते. माझ्या हातून आजवर एकही चूक गेलेली नाही.

आई सात पन्नासला चर्चमधून परतली. बर्फ, वय अठ्ठ्याहत्तर, तरी गेलीच. संत अँटनीपुढे मेणबत्ती लावते, दर रविवारी एक. हरवलेलं शोधून देणारा तो संत. माझा धाकटा भाऊ फ्लोरियान १९१६च्या उन्हाळ्यात रशियासमोरच्या गॅलिशियाच्या आघाडीवर बेपत्ता झाला, त्याला बारा वर्षं होतील. मी आईला काही म्हणत नाही. गेल्या जुलैत न्यायमंदिर जळालं, पोलिसांच्या गोळ्यांनी रस्त्यावर माणसं मेली आणि चर्चच्या व्यासपीठावरून एकही दयेचा शब्द आला नाही, तेव्हा मी चर्चमधून रीतसर नाव काढून घेतलं. ते मी तिला पावती दाखवून सांगितलं. तिने पावती वाचली, घडी घातली आणि सूप वाढलं.

पहिल्या व्याख्यानासाठी कसोटी सापडली. चूक आणि भ्रम यांत फरक काय? चुकणाऱ्याला चूक दाखवली की तो आभार मानतो. भ्रमातल्या माणसाला दाखवली की तो चिडतो. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

चार वाजता पोल्दी आली, फ्लोरियानची बायको. सोबत कायेतान श्राम. तो ट्रामवर कंडक्टर आहे, बोलताना पुढचा थांबा सांगितल्यासारखा बोलतो. पोल्दी तंबाखूच्या कारखान्यात आहे. तिच्या बोटांना तो वास कायमचा बसला आहे. आईने खसखशीचा केक केला होता.

बातमी अशी : नगरपालिकेच्या नव्या वसाहतीत कायेतानला जागा मिळते आहे. एक खोली, स्वयंपाकघर, आतच नळ आणि आतच संडास. पण जोडप्यालाच. लग्नाचा दाखला तीस जूनच्या आत लावायचा.

"तीस जूनला एक दिवस जरी वर गेला," कायेतान म्हणाला, "तरी जागा पुढच्या नंबराला."

"जाणार नाही," मी म्हणालो. "फ्लोरियानची नोटीस नोव्हेंबरात निघाली. पंधरा मेला मुदत संपते. सोळाला अर्ज, जूनच्या पहिल्या आठवड्यात आदेश. मी स्वतः तपासली आहे ती."

नोटीस सगळ्या बेपत्ता सैनिकांच्या नोटिसांसारखीच : फ्लोरियान वोंद्राक, पुस्तकबांधणी कारागीर, जन्म १८८९, याने अमुक तारखेच्या आत हजर व्हावे, त्याच्याविषयी ज्यास काही माहिती असेल त्याने न्यायालयास कळवावी, अन्यथा नव्याने अर्ज आल्यावर त्यास मृत घोषित केले जाईल. हे वाक्य माझ्या नजरेखालून काही हजार वेळा गेलं असेल.

पोल्दी आईकडे पाहत होती. "सासूबाई, तुम्ही काही बोलत नाही."

"केक खा," आई म्हणाली. "कोरडा झालाय का?"

"नाही हो."

"मग खा."

जिन्यात मी पोल्दीला म्हणालो, आईला जड जातं, तिचा अजून विश्वास आहे. पोल्दी हातमोजे घालत होती. म्हणाली, "बर्टल, मी अडतीस वर्षांची आहे. कुणाचा कशावर विश्वास आहे ते मोजत बसायला मला सवड नाही. मला नळ हवा." आणि हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरले. कायेतानने तिला कोपराला धरून खाली नेलं. "चला, पुढे सरका," असं म्हणाला तो. विनोद म्हणूनच म्हणाला असावा.

शुक्रवार, २ मार्च

जिन्यावर पावलं वाजली की मी वाचन थांबवतो. हे आज लक्षात आलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत येणारी पावलं आणि चौथ्यावर जाणारी पावलं यांत फरक आहे. दर वेळी ऐकू येतो. आवाज विचारात व्यत्यय आणतो, इतकंच.

फ्लोरियान पुस्तकबांधणी करायचा. त्याची कागद दुमडायची हाडाची पट्टी आणि तीन सुऱ्या माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. महिन्यातून एकदा तेल देतो, गंजलेलं हत्यार बघवत नाही.

रविवार, ११ मार्च

व्याख्यान झालं. चौऱ्याऐंशी माणसं, त्यातली सहा झोपली.

मी असं मांडलं. समाजात राहायचं म्हणजे माणसाला रोज काहीतरी गिळावं लागतं. ट्राममध्ये ढकलावंसं वाटतं, ढकलत नाही. फोरमनला उत्तर द्यावंसं वाटतं, देत नाही. शेजाऱ्याची बायको आवडते, टोपी काढून पुढे जातो. आयुष्यभर गिळलेल्या या सगळ्याची भरपाई कोण करणार? फोरमन करणार नाही. म्हणून आकाशात एक बाप बसवायचा आणि त्याच्याकडे हिशेब ठेवायचा. मग माझ्या धंद्यातला दाखला दिला. छपाईच्या खिळ्यांची ओळ भरताना शब्दांमध्ये शिशाचे कोरे तुकडे घालतात. ते छापले जात नाहीत, पण त्यांच्यावाचून ओळ घट्ट बसत नाही. धर्म म्हणजे हे कोरे तुकडे. आहे म्हणून वाटतं, छापलेलं काहीच नाही.

टाळ्या पडल्या. मग मागून एक धोबीण उठली, लाल हातांची, पन्नाशीची.

"तुकडे काढले तर ओळ पडेल ना हो?"

हशा.

"आपण तिथे शब्द घालू," मी म्हणालो. "ज्ञान घालू."

"माझे दोघे गेले इटलीच्या आघाडीवर. तिथे कुठला शब्द घालू ते सांगा, मी घालते."

आमच्या छापखान्याचा म्हातारा कंपोझिटर झामेक तिसऱ्या रांगेत होता. तो मोठ्याने म्हणाला, "बाई, वोंद्राकसाहेब उद्या प्रूफ पाहून सांगतील." पुन्हा हशा. मी तिला सांगितलं, की दुःखात सत्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहावं लागतं, आणि जो पाहतो तोच मोठा होतो. उत्तर बरोबर होतं. बाई खाली बसली. तिला पटलं असावं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

एक प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत आला. आई माझ्यापेक्षा सुखी आहे का? झोप तिला चांगली लागते. पण अफू घेणाऱ्यालाही लागते.

रविवार, २५ मार्च

एक गोष्ट नोंदवतो, कारण दैनंदिनीत लपवाछपवी असेल तर ती दैनंदिनी कसली.

काल शनिवारच्या आंघोळीला गेलो. सात वर्षं मी जवळचं सार्वजनिक स्नानगृह सोडून लांबच्याला जातो, तिथे पाणी जास्त गरम असतं. तिथे टॉवेल देणारा माणूस नवा होता. मान वर केली तर याकोब पिर्खेर. जवळच्या स्नानगृहातून त्याची बदली झालेली.

हा पिर्खेर १९२१च्या ऑक्टोबरात रशियातल्या कैदेतून परतला आणि थेट छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, तुमचा भाऊ माझ्या शेजारच्या फळीवर झोपायचा, छावणीत, १९१७च्या फेब्रुवारीत टायफसने गेला, मी त्याला पुरायला मदत केली. मी त्याला फाटकाजवळच उभं केलं आणि पद्धतशीर विचारलं. उंची? बरोबर. केस? बरोबर. खूण? तो म्हणाला, डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

उजव्या हाताचं नव्हतं! कागद कापायच्या यंत्रात गेलं, तेव्हा फ्लोरियान सतरा वर्षांचा होता. नंतर आठ वर्षं तो एकाच बाकावर माझ्यासमोर बसून काम करत होता, तो हात मी रोज पाहिला. ज्याला मेलेल्याचा हातसुद्धा नीट सांगता येत नाही, त्याची साक्ष काय कामाची? हजारो वोंद्राक असतील. मी त्याला तसं सांगितलं. त्याने टोपी घातली आणि गेला.

ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, पोल्दीला सांगितली नाही. खात्री नसलेली बातमी देणं म्हणजे अफवा पसरवणं.

काल पिर्खेरने टॉवेल दिला आणि विचारलं, "आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. आईची चौकशी त्याने का करावी कळलं नाही. रीत म्हणून केली असेल. पाणी कोमट होतं.

मंगळवार, १५ मे

मुदतीचा दिवस. दुसरंही व्याख्यान झालं, त्यावर नंतर लिहीन. आज छापखान्यात दोनदा मान दुखते म्हणून उठून खिडकीपाशी गेलो. तिथून फाटक दिसतं. कुणी आलं नाही. येणार नव्हतंच.

घरी आईने तीन ताटं मांडली होती. मी विचारलं, तिसरं कुणाचं? म्हणाली, पोल्दी येईन म्हणाली होती. पोल्दी आली नाही. पावणेआठला आईने ताट उचललं, तोवर ते ताट आणि मी समोरासमोर होतो.

बुधवार, १६ मे

अनर्थ झाला.

पोल्दी अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन अर्ज द्यायला न्यायालयात गेली. तिथल्या कारकुनाने नोव्हेंबरचं राजपत्र काढलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाई, एक वर्ष लवकर आलात."

छापलेल्या नोटिशीत मुदत १५ मे १९२९ आहे.

"मूळ आदेशात अठ्ठावीस आहे," पोल्दी त्याला म्हणाली.

"असेल. जगाने वाचलं ते हे. समजा तुमचा नवरा हे वाचून पुढच्या एप्रिलमध्ये यायचं म्हणत असेल, तर?"

नवी नोटीस काढायची तर पुन्हा सहा महिने. कुणी मरताना पाहिलेला साक्षीदार असेल तर वेगळी गोष्ट, मग लगेच निकाल होतो. "आहे का असा कुणी?" कारकुनाने विचारलं. ती म्हणाली, नाही.

हे सगळं ती आमच्या स्वयंपाकघरात उभ्याने सांगत होती. कायेतान दाराशी टोपी फिरवत होता. आई पाठमोरी होती.

"कुणी केलं हे, बर्टल? तू तपासली होतीस ना?"

"मी तपासली होती. माझ्यानंतर कुणीतरी हात लावला. कंपोझिटर दुरुस्त्या करताना एक बरोबर करतात आणि दोन बिघडवतात. झामेकची नजर गेली आहे, मी दोनदा तक्रार केली. मी त्याला सोडणार नाही."

"त्याला धरून मला जागा मिळेल?"

"चुकीचा उगम कळायला हवा."

"मला जागा हवी रे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मला उगम नको."

कायेतान म्हणाला, "पोल्दी, आपण माझ्या घरच्या त्या खोलीत..." ती म्हणाली, "त्या खोलीत तुझी आई, बहीण आणि तिची तीन पोरं आहेत."

साक्षीदाराबद्दल ती बोलली तेव्हा मी काही बोललो नाही. विचार केला : बोटाचा प्रश्न सुटलेला नाही.

शुक्रवार, १८ मे

काल सण, छापखाना बंद. पूर्ण दिवस मी झामेकला काय सुनवायचं ते लिहून काढलं. दोन पानं झाली.

आज सकाळी सातला त्याच्या खिळ्यांच्या केसपाशी गेलो. सगळ्यांच्या देखत सुरुवात केली. त्याने पहिलं पान ऐकून घेतलं, मग हात पुसले, आतल्या खोलीत गेला आणि नोव्हेंबरचा गठ्ठा घेऊन आला. राजपत्राची तपासलेली प्रुफं आमच्याकडे एक वर्ष तारेत ओवून ठेवतात.

"काढा तुम्हीच."

मी काढलं. नोटीस क्रमांक एकशे चौदा. फ्लोरियान वोंद्राक. झामेकने १९२८ बरोबर जुळवलं होतं. त्या आठावर तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात, सुबक, शेपटी खाली वळवलेला नऊ. असा नऊ या शहरात एकच माणूस काढतो.

"मला तेव्हाच वाटलं होतं विचारावं," झामेक म्हणाला. "म्हटलं, वोंद्राकने केलंय, म्हणजे मूळ कागद पाहूनच केलं असेल. तुम्ही चुकत नाही ना."

"शाई नंतर कुणीतरी..."

"एंगेलबर्ट." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. "तुझा भाऊच तो. कुणाचाही हात हलला असता."

मी म्हणालो, माझ्या भावाचा इथे संबंध नाही, त्या आठवड्यात पुढच्या वर्षाच्या पंचांगाचं काम चालू होतं, एकोणतीसचे आकडे डोळ्यात बसले होते, हे शास्त्रीय कारण आहे, आणि ज्याला यातलं कळत नाही त्याने कंपोझिंग करावं. आवाज थोडा चढला. यंत्रावरची माणसं थांबली. झामेक माझ्याकडे पाहत राहिला, रागावला नाही. मग म्हणाला, "बंब पेटलाय. टाकू का हा कागद?"

मी कागद खिशात घातला.

चिडलो होतो का? अन्यायाने चिडणं वेगळं.

शनिवार, १९ मे

पंचांगाचं काम जानेवारीत होतं. नोव्हेंबरात नव्हतं. मी वही काढून पाहिली.

नोव्हेंबरच्या त्या दिवशी मी दुसरं काय काय तपासलं ते सगळं आठवतं. एका बेकरीचा लिलाव, दोन नादारी, एक हरवलेलं बँकबुक. एकशे चौदा तपासल्याचं आठवत नाही. शाईची बाटली उघडल्याचंसुद्धा नाही. असं माझं कधी होत नाही.

दुपारी स्नानगृहात गेलो. आंघोळीला नाही. पिर्खेर ओले टॉवेल पिळत होता.

"सात वर्षांनी विचारायला आलात," तो म्हणाला. थांबला नाही, पिळतच राहिला.

"कुठलं बोट?"

"तेच. डावी करंगळी. तुम्ही मला खोटारडा ठरवलंत ना फाटकात. मी त्यानंतर तीन दिवस आजारी पडलो हो. माणसाला पुरून आलो आणि त्याचा भाऊ मला मुंडकी मोजल्यासारखे प्रश्न विचारतो."

"तो उजवा हात होता."

"मग आईंना विचारा."

"आईला का?"

त्याने टॉवेल खाली ठेवला. "घरी जा, साहेब," म्हणाला. "घरी जाऊन विचारा."

रविवार, २० मे

आई चर्चमधून आली, कोट खुंटीला लावला, बटाट्यांची टोपली घेऊन बसली. मी समोर बसलो.

"आई, फ्लोरियानचं कुठलं बोट गेलं होतं?"

"डाव्या हाताचं. करंगळी." तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

"उजव्या."

"तो तुझ्यासमोर बसायचा. तुला तो हात तुझ्या उजवीकडे दिसायचा. मी त्या हाताला धरून त्याला डॉक्टरकडे नेलंय, बर्टल. पट्टी मी बदलली चाळीस दिवस."

मी उठून खिडकीपाशी गेलो. मग परत येऊन बसलो. माझे दोन्ही हात टेबलावर होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट! आम्ही खिळे उलटे वाचणारे लोक. उलटं सुलटं करणं हाच आमचा धंदा.

"पिर्खेर तुझ्याकडे आला होता."

"तुझ्याकडून निघाला तो इकडेच आला. पायरीवर बसून रडत होता. मी त्याला सूप दिलं." तिने बटाटा पाण्यात टाकला. "त्याच नोव्हेंबरात मी फ्लोरियानच्या नावाने मृतांची प्रार्थना करवली. दर वर्षी करवते. फादरना माहीत आहे, फादरच्या स्वयंपाकिणीला माहीत आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस मला?"

"मला खात्री नव्हती!"

"तू महिन्याच्या महिन्याला त्याच्या सुऱ्यांना तेल देत होतास. मी कशी सांगू?" मग साल काढत, "तू त्या आठवड्यात जेवत नव्हतास. म्हटलं, कळेल तेव्हा बोलेल. बोलला नाहीस. मग मीही नाही."

"आणि पोल्दी? तिला सांगायला काय झालं होतं?"

इथे आईचा चाकू थांबला. एवढंच थांबलेलं मी पाहिलं. "ती गेली असती ना. दर रविवारी कॉफीला येणारं मला दुसरं कोण आहे? तू वाचत बसतोस." तिने चाकू पुसला. "वाईट केलं मी. दर ईस्टरला कबुलीजबाबात सांगते. फादर प्रायश्चित्त देतात, मी करते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा केक करते. तू कुणाला सांगतोस?"

‘या वहीला’, एवढंच उत्तर होतं.

नंतर आठवलं म्हणून विचारलं, "मग तो मेला हे तुला माहीत होतं, तर अँटनीपुढे मेणबत्ती कुणासाठी लावत होतीस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पुढचा बटाटा घेतला.

वयाचा परिणाम. काही सवयी कारण गेल्यावरही चालू राहतात.

सोमवार, २१ मे

ते प्रूफ व्यवस्थापकांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून नऊ पाहिला, चष्मा काढून मला पाहिलं. राजपत्र माझ्याकडून काढलं. यापुढे दुकानांची दरपत्रकं. झामेकने मला दुपारी न बोलता अर्धं सफरचंद दिलं. मी त्याची माफी मागितली नाही अजून. मागायची आहे.

बुधवार, २३ मे

कारखान्याच्या फाटकाशी थांबलो. साडेचारचा भोंगा झाला. बायकांचा लोंढा, तपकिरी वास. पोल्दी मला पाहून घाबरली. "सासूबाई?" म्हणाली.

"आई ठीक आहे. साक्षीदार आहे, पोल्दी. तुला जागा मिळेल."

मी सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. फाटक, बोट, स्नानगृह, नऊ. आईचंही सांगितलं. आईनेच सांगायला सांगितलं होतं. सांगताना वाटत होतं, एवढी नीट मांडणी व्याख्यानातसुद्धा जमली नव्हती.

ती ऐकत होती. मग विचारलं, "पिर्खेर कुठल्या महिन्यात आला म्हणालास?"

"ऑक्टोबर. एकवीस साली."

"ऑक्टोबर एकवीस." ती भिंतीला टेकली. "तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. विंझेंट होता तेव्हा, सुतार. तुला आठवत नसेल. तू त्याला दारात पाहून टोपीसुद्धा काढत नव्हतास. दोन वर्षं थांबला तो. म्हणायचा, पोल्दी, एक पाळणा तयार करून ठेवलाय मी, फक्त तू विधवा हो." हसली. "विनोद करायचा. मग गेला. आता त्याला चार आहेत."

मी म्हणालो, मला खात्री नव्हती.

"होती," ती म्हणाली. "खात्री होती म्हणूनच सांगितलं नाहीस. नसती तर दहा जणांना विचारत फिरला असतास. तुला मी ओळखते, बर्टल. तू दूधवाल्याचे सुट्टे चुकले तर तीन दिवस चौकशी करतोस." बायका आमच्याकडे पाहत जात होत्या. एकीने विचारलं, "पोल्दी, कोण गं हा, त्रास देतोय का?" पोल्दी म्हणाली, "दीर आहे."

मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे : "तुझ्या त्या व्याख्यानांत सांगतोस ना, माणसाचं सुख कोण खातं ते. देव आणि फोरमन म्हणे. पुढच्या वेळी यादी वाढव."

ती निघून गेली. मी ट्राममध्ये बसलो नाही, चालत आलो.

तिसरं व्याख्यान रद्द करावं असं समितीला पत्र लिहिलं. कारण : प्रकृती. मग तो शब्द खोडला आणि लिहिलं : ‘अभ्यास अपुरा.’ चष्मेवाल्या डॉक्टरला आनंद होईल. होऊ दे.

मंगळवार, १२ जून

सुनावणी साडेनऊला. आई, पिर्खेर, पोल्दी, कायेतान आणि मी एकाच बाकावर, पण पोल्दीने मध्ये कायेतानला बसवलं.

पिर्खेरची साक्ष पहिली. टोपी हातात, रविवारचा कोट, बाह्या आखूड. फळी, ताप, फेब्रुवारीची जमीन, ती खणायला लागलेले चार दिवस. बोट डावं. मग आई. न्यायाधीशांनी तिला खुर्ची दिली. बोट डावं. "खात्री आहे, आजी?" "मी पट्टी बांधली, साहेब." न्यायाधीशांनी पुढे काही विचारलं नाही.

मग माझं नाव. कारकुनाने क्रूस आणि दोन मेणबत्त्या पुढे सरकवल्या. धर्म विचारला. मी म्हणालो, नाही. त्याने क्रूस परत नेला. मी नुसता हात वर करून शपथ घेतली. समोर काही नव्हतं, फक्त टेबलाचं हिरवं कापड. मला वाटलं होतं या क्षणी अभिमान वाटेल.

मी उत्तर पाठ करून नेलं होतं. साक्षीत शारीरिक खुणेबाबत विसंगती आढळल्याने, तत्कालीन परिस्थितीत, जबाबदार नागरिकाच्या नात्याने, वगैरे. सव्वा मिनिटाचं. काल तीनदा वाचून पाहिलं होतं.

न्यायाधीशांनी कागद चाळले. माझ्याच वयाचा माणूस, थकलेला. म्हणाले, "वोंद्राक, तुम्ही स्वतः या नोटिसा तपासता. ज्याला माहिती असेल त्याने कळवावी, हे वाक्य तुम्हाला पाठ असेल. सात वर्षं तुमच्याकडे ही माहिती होती. का कळवली नाही?"

मी तोंड उघडलं. ‘साक्षीत’ एवढा शब्द म्हणालो. मग थांबलो. खोलीत कुणीतरी खोकलं. पोल्दी माझ्याकडे पाहत नव्हती, ती खिडकीकडे पाहत होती. तिचे हात मांडीवर होते.

"मला तो यायला हवा होता," मी म्हणालो.

कारकुनाने मान वर केली. "नोंदीसाठी पुन्हा सांगा."

"मला तो यायला हवा होता. म्हणून."

त्याने लिहिलं. मग नियमाप्रमाणे जबाब मोठ्याने वाचून दाखवला. ते वाक्य त्याच्या सपाट आवाजात, नाव, पत्ता, धंदा यांच्यामागोमाग. न्यायाधीशांनी विचारलं, काही दुरुस्ती?

मी म्हणालो, नाही. सही केली.

दहा वाजून वीस मिनिटांनी फ्लोरियान मृत घोषित झाला. पोल्दी उठली, आईच्या गालाचं चुंबन घेतलं, पिर्खेरचा हात दोन्ही हातांत धरला. माझ्यासमोरून जाताना थांबली नाही. कायेतान थांबला, टोपीला हात लावला आणि तिच्यामागे गेला.